पांढऱ्याच्या वाटणीला

राज्य सरकारनं २०१२ साली सिंचनावर जे पुस्तक काढलं ती श्वेतपत्रिका. त्याच खात्याचं एखादं धरण वर्षानुवर्षं नुसतं पैसा खात बसलं, की वर्तमानपत्रांच्या लेखी तो पांढरा हत्ती. दुधाचा महापूर आला तेव्हा देशात धवलक्रांती झाली, पांढरी क्रांती झाल्याचं कुणी म्हटलं नाही. निबंधातली हिमशिखरं शुभ्र असतात आणि टायफॉइडमधून उठलेला माणूस पांढराफटक. रंग तोच, पण तो कुणाला लावायचा आहे हे बघून आपण शब्द बदलतो. बदलतोय हे आपल्या लक्षातही येत नाही.

माझं सरळ म्हणणं आहे, या वाटणीत पांढऱ्यावर अन्याय झालाय. भावाभावांत जमीन वाटली जावी तसं हे झालं. थोरल्या श्वेतनं सरकारदरबार घेतला, शुभ्रनं कविता आणि साबणाच्या जाहिराती नेल्या, धवलच्या नावावर कीर्ती आणि यश चढलं. गावात राहिला तो पांढरा. त्याच्या वाटणीला आलं घरातलं आजारपण, म्हातारी माणसं, विधवांची कपाळं, कापूस, कांदा आणि गावाखालची माती. पुढं व्हाइट नावाचा आणखी एक वाटेकरी आला आणि त्यानं उरलासुरला बाजारही आपल्याकडे ओढला. तरीही या घरात कुणाशी बोलत बसावंसं वाटत असेल, तर मला पांढऱ्याशीच.

तसा हा शब्द मूळचा हलका नाही. संस्कृतातले पाण्डर, पाण्डुर हे त्याचे पूर्वज. पण त्या पूर्वजांतच एक फिकटपणा आहे, किंचित पिवळसर झाक आहे. नव्या कोऱ्या कापडाचा हा रंग नाही. काहीतरी उडून गेल्यावर मागं उरतो, तो. महाभारतातली अंबालिका व्यासांचं उग्र रूप बघून भीतीनं पांढरी पडली आणि तिला झालेला मुलगा तसाच निस्तेज जन्मला, म्हणून त्याचं नाव पांडू. तिच्या बहिणीनं, अंबिकेनं, डोळे मिटून घेतले, तर धृतराष्ट्र आंधळा झाला. म्हणजे कौरव-पांडवांच्या सगळ्या कहाणीच्या मुळाशी एका बाईचे मिटलेले डोळे आणि दुसरीचा उतरलेला चेहरा आहे. पांडव हे नाव आज आपल्याला पराक्रमी वाटतं. त्याचा धातू घासून बघितला तर खाली भीती लागते.

आयुर्वेदानं रक्त कमी होण्याच्या दुखण्याला पांडुरोग म्हटलं तेही याच हिशेबानं. डॉक्टर आजही डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात. जिथं लाल दिसायला हवं तिथं पांढरं दिसलं, की गोळ्या सुरू.

मराठीनं रंगांना एकेक पाठीराखा दिला आहे. लाल भडक असतो, पिवळा धमक, हिरवा गार, निळा शार, काळा कुट्ट. या जोड्या सहसा मोडत नाहीत. पांढऱ्याला मात्र दोन पाठीराखे मिळाले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. कपडे पांढरेशुभ्र, चेहरा पांढराफटक. धुण्याच्या दोरीवर तो स्वच्छतेचा, माणसाच्या तोंडावर तो भीतीचा. (कपड्याचं पांढरेपणही साधं नाही. पूर्वी शेवटच्या पाण्यात नीळ टाकत. आता साबणाच्या पावडरीतच अशी द्रव्यं असतात, की ती उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतात. सांगायचं तर आपण ज्याला पांढरंशुभ्र म्हणतो ते बरंचसं निळं असतं.)

आणि बघा, माणसाच्या कातडीला पांढरा कधीच म्हणत नाहीत. तिथं गोरा. लग्नाच्या जाहिरातीत गोरी, गव्हाळ, निमगोरी, सावळी अशी सगळी शिडी आहे. त्या शिडीवर पांढरीला पाय ठेवायला जागा नाही. ‘मुलगी पांढरी आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा विचारील, काय झालं तिला? कोडाला मात्र पांढरे डाग म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही. गोरेपणासाठी झुरणारी आपली माणसं पांढऱ्या डागाला एवढी भितात, हा विरोध आपल्या भाषेनं दोन वेगळे शब्द वापरून शिताफीनं झाकून टाकला आहे.

डोळे पांढरे होणं हा वाक्प्रचार मला यातला सगळ्यात हुशार वाटतो. दवाखान्याचं बिल बघून डोळे पांढरे होतात, मुलाच्या कोर्सची फी ऐकून होतात. म्हणताना आपण हसतो. पण चित्र घेतलंय ते बेशुद्धीचं किंवा मरणाचं: बुबुळं वर जातात आणि नुसता पांढरा भाग दिसत राहतो. कुणीतरी मरणाऱ्या माणसाजवळ बसून नीट बघितलं असणार, त्याशिवाय असा वाक्प्रचार हाती येत नाही.

मग कपाळ. बाईचं कपाळ पांढरं होणं म्हणजे काय, हे मराठीत शिकवावं लागत नाही. गंमत अशी, की जुन्या काळी ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या विधवेचं वस्त्र पांढरं नव्हतंच. ते लाल होतं, आलवण. पांढऱ्या साडीतली विधवा आपल्या डोळ्यांपुढं येते ती मुख्यतः सिनेमानं आणलेली. मराठी विधवेच्या अंगावर पांढरं काही असेल तर ते कुंकू पुसलेलं कपाळ, तेवढंच. बरं, ते खरोखरी पांढरं दिसतं का? दिसत नाही. कपाळ कपाळाच्याच रंगाचं असतं. पण लाल टिळा नसणं एवढं डोळ्यांत भरणारं होतं, की त्या नसण्याला रंगाचं नाव द्यावं लागलं. पांढरा म्हणजे इथं रंगच नव्हे, ती एक रिकामी जागा आहे. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही असं करावं असं सांगितलं. ठरावानं रीत लगेच मोडत नाही, हे खरं. पण ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात हा विषय कामकाज म्हणून लिहिला गेला, हे मला नळपाणी योजनेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कपाळापेक्षाही पायाची गोष्ट जास्त दुष्ट आहे. नवी सून घरात आली आणि महिनाभरात म्हैस मेली किंवा सासऱ्यानं अंथरूण धरलं, की ती पांढऱ्या पायाची. आमच्या नात्यातल्या एका काकूंना हे बोल आयुष्यभर ऐकावे लागले. त्या घरात आल्या त्या वर्षी विहीर आटली होती. त्या वर्षी सगळ्या शिवारातल्या विहिरी आटल्या होत्या, पण शिवाराला पाय नसतात. याच मराठीत घोड्याचे चारी पाय आणि कपाळ पांढरं असेल तर तो पंचकल्याणी, राजाच्या तबेल्यात बांधावा असा शुभ. म्हणजे पांढरा पाय घोड्याला असला तर भाग्य, सुनेला असला तर दुर्दैव. घोड्याचा पाय निदान खरोखर पांढरा असतो.

आणखी एक पांढरं आहे ते घरात कुजबुजत बोलतात. माझी आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती सांगायची, बायका येतात त्या डोकं दुखतंय, कंबर दुखतेय म्हणत. बाकीची माणसं बाहेर गेली की मग हळूच, ‘बाई, अंगावरून पांढरं जातंय.’ पुढं नाम नाही, काही नाही. विशेषणावरच वाक्य संपतं. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्या बायकांनी त्याला काय म्हटलं असेल? बहुतेक काहीच नाही. ज्या दुखण्याला नामसुद्धा लावायची चोरी, त्यासाठी पांढरा हा शब्द तेवढा हाताशी होता. श्वेतप्रदर हे त्याचं पुस्तकी नाव आहे, पण ते घेऊन कुणी दवाखान्याची पायरी चढल्याचं आत्यानं कधी सांगितलं नाही.

इथं जरा वेगळ्या गल्लीत शिरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि समाजातले पांढरपेशे यांचा काही संबंध नाही. एक पेशी आहे, दुसरा फारसीतून आलेला पेशा. तरी रक्ताच्या रिपोर्टात ‘पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत’ असं वाचलं, की माझ्या डोळ्यांपुढं इस्त्रीचे शर्ट घातलेले कारकून उभे राहतात. पांढरपेशा हा शब्द इंग्रजीतल्या ‘व्हाइट कॉलर’वरून बेतला असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणच्या महसुली कागदांत कुळांचे पांढरपेशे आणि कुणबी असे भाग पडलेले दिसतात, आणि पांढरपेशाला जमिनीचा धारा कुणब्यापेक्षा कमी. कारण काय, तर तो स्वतः नांगर धरत नाही, मजूर लावावे लागतात, म्हणून सूट! जो चिखलात उतरत नाही त्याला कमी आणि जो उतरतो त्याला जास्त. धुवट धोतराची किंमत दुसऱ्यानं भरायची, ही पद्धत तेव्हापासूनची. पुढं ग्रामीण आणि दलित लेखकांनी हाच शब्द उचलून मध्यमवर्गाच्या तोंडावर मारला आणि पांढरपेशी ही साहित्यातली शिवी झाली. सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३९ साली प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांसाठी जो शब्द काढला, त्याला मराठीत पांढरपेशी गुन्हेगारी हे नाव आयतं मिळालं. श्वेत गुन्हेगारी म्हणायचं कुणाला सुचलं नाही, हे विशेष. वाईट काही असलं की पांढराच पुढं.

पांढऱ्या हत्तीचंही तेच. आपल्या पुराणात पांढरा हत्ती म्हणजे ऐरावत. समुद्रमंथनातून निघाला आणि इंद्राच्या दारात गेला. त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च परवडत नाही अशी तक्रार इंद्रानं केल्याचं ऐकिवात नाही. हत्ती पोसताना धन्याचं दिवाळं निघण्याची कथा सयामच्या राजांच्या नावानं इंग्रजीत फिरली आणि तिथून आपल्याकडे आली. आता ऐरावत बसच्या नावापुरता उरला आणि पांढरा हत्ती अंदाजपत्रकात शिरला.

एका ठिकाणी मात्र धवल गोठ्यात उतरलेला आहे, तेवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. ढवळा म्हणजे पांढरा बैल, पवळा म्हणजे तांबूस. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संस्कृतातला धवल शेणामुतात येऊन ढवळा झाला आणि मग माणसाळला. माणदेशातल्या खिलार बैलांपुढं उभं राहून नुसतं ‘पांढरा’ म्हणणारा माणूस तर बाहेरगावचाच. तिथं कोसा खिलार वेगळा, काजळी वेगळा. जिथं रंगावर पैसा ठरतो तिथं माणसं शब्दांत कंजुषी करत नाहीत.

कापसाला पांढरं सोनं म्हणणारे लोक बहुधा कापूस पिकवत नसावेत. विदर्भात, खानदेशात हे विशेषण भाषणातून आणि मथळ्यांतून ऐकू येतं, आणि मथळा बहुधा असा असतो: पांढरं सोनं मातीमोल. वेचणीला आलेल्या बोंडावर अवकाळी पाऊस पडला, की कापूस काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडतो. राज्यानं १९७२ च्या सुमाराला कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली ती या भावाच्या फासातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. ती योजना पुढं स्वतःच तोट्यात रुतली. शेतकऱ्याचे खरे रंग निराळे आहेत. पानं तांबडी पडली की लाल्या. शेंड्याला पांढरी माशी. बोंडात गुलाबी अळी. या रंगांची नावं तो झोपेतही घेतो, कारण त्यांच्यावर फवारणीचा खर्च आहे.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला, तिथं येतो.

जुन्या गावगाड्यात गावाची जमीन दोन रंगांत वाटलेली असायची. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, शिवार. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. शेताला काळी म्हणणं समजतं. बसाल्टच्या खडकापासून झालेली आपली माती काळीच असते. पण त्याच काळ्या मातीवर वसलेलं गाव पांढरं कसं झालं? उत्तर साधं आहे आणि मला ते अजूनही थक्क करतं. माणसं राहिली म्हणून. चुलीतली राख रोज उकिरड्यावर जाते. शेण, जनावरांचं मूत, गवताची काडी, हाडं, चुन्याचा अंश, दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळणारी भिंत, तिच्या जागी नवी, तीही ढासळते. शंभर वर्षं, पाचशे वर्षं हे चालू राहतं. मातीचा रंग उतरत जातो, ती राखट, भुसभुशीत होते, आणि गाव आपल्याच उतरंडीवर वर वर चढत जातं. पांढरीला रंग कुणी लावलेला नाही, माणसांच्या राहण्यानंच ती पांढरी झाली.

म्हणून महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ जुनी वस्ती शोधताना गावकऱ्यांना एकच प्रश्न विचारतात: पांढरीचं टेकाड कुठं आहे? नदीच्या काठाला, शेतांच्या मधोमध एखादा राखाडी-पांढरा उंचवटा असतो, पावसानंतर त्यावर खापऱ्या वर येतात. प्रवरेकाठचं जोर्वे १९५०-५१ मध्ये खणलं गेलं, नेवासे १९५४ पासून, आणि घोड नदीच्या काठचं इनामगाव १९६८ पासून कितीतरी हंगाम. इनामगावला ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानची, शेतकऱ्यांची वस्ती निघाली. घरांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा. आणि घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, त्यांत लहान मुलांची हाडं. मेलेलं मूल त्यांनी लांब नेलं नव्हतं, घरातच ठेवलं होतं. (हे खणणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींत एक नाव ढवळीकर होतं. पांढरीत ढवळीकर, यावर कुणी विनोद केला असेल की नाही कोण जाणे. मी केला असता.)

शेतकऱ्याला या मातीचं मोल पुरातत्त्वाच्या आधीपासून ठाऊक होतं. उन्हाळ्यात बैलगाड्या भरून पांढरी उपसायची आणि काळीत नेऊन टाकायची, ही जुनी रीत. राख आणि शेणामुळं ती चांगलं खत होते. कित्येक टेकाडं अशीच पोखरली जाऊन नाहीशी झाली, आणि संशोधक हळहळतात. त्यांची हळहळ खरी आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतली राख या वर्षीच्या ज्वारीला लागू पडते, यात वावगं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मराठवाड्यात, सोलापूरकडे हीच पांढरी माती माळवदावर चढते. धाब्याच्या घराचं छत लाकडाचं, त्यावर चिपाडं किंवा पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ती पाण्यानं घट्ट बसते, आतलं घर उन्हाळ्यात गार राहतं. पावसाळ्याआधी वर चढून नवी माती पसरायची, नाही पसरली तर गळणारच. गढ्यांचे बुरूजही कितीतरी ठिकाणी याच मातीचे. म्हणजे गाव ज्या मातीवर उभं, तीच भिंतीत आणि तीच डोक्यावर.

शब्दही मग मातीसारखा सगळीकडे पसरला. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात आणि नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांतात ‘पांढरी’ नावाचा करच होता. तो शेती न करणाऱ्यांवर बसे, म्हणजे काळीशी ज्यांचा संबंध नाही अशांवर. विदर्भातल्या पांढरीपांडे या आडनावात मला तरी ती पांढरी ऐकू येते. नकाशावर पांढरकवडा आहे. पन्हाळ्याहून विशाळगडाला चालत जाणाऱ्यांना पावनखिंडीच्या अलीकडे पांढरपाणी लागतं. जंगलात पांढरूख आहे, त्याची साल चांदण्यात अशी चमकते की लोकांनी त्याला भुत्या हे दुसरं नाव दिलं. इथं एकदाही शुभ्र कामाला आला नाही. ‘शुभ्रकवडा’ म्हणून बघा, जीभ ऐकत नाही.

पंढरी आणि पांढरी यांत कानामात्रेचं अंतर आहे, म्हणून दोघींना एक करण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ च्या शिलालेखात त्या गावाचं नाव पंडरगे असं येतं, आणि त्या कानडी वळणाच्या गावनावावरूनच पुढं देवाचं पांडुरंग हे संस्कृत नाव घडवलं गेलं, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. काही असो, निघालं ते असं: नाव पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, आणि देव काळा कुळकुळीत. कपाळाला लावायचा बुक्काही काळा. वारकऱ्यांनी याचं उत्तर स्वतःपुरतं शोधलेलं आहे. गाईंमागं फिरताना खुरांची धूळ अंगावर बसली, म्हणून काळा देव पांढरा दिसला. भाषाशास्त्राला हे उत्तर चालणार नाही. पण मला ते आवडतं, कारण या उत्तरातही पांढरेपण देवाच्या कांतीचं नाही, कामावर असताना अंगाला लागलेल्या मातीचं आहे.

राहता राहिला पैसा आणि अक्षर. चार शब्द लिहिता येणाऱ्याला पूर्वी म्हणत, पांढऱ्यावर काळं करता येतं हो त्याला. म्हणजे कागदावर शाई. आणि डोक्यावरच्या काळ्याचे पांढरे झाले म्हणजे अनुभव आला. आजोबा म्हणायचे, ‘हे केस काय उन्हात पांढरे केले नाहीत.’ त्यांचे केस खरं तर उन्हातच पांढरे झाले होते, शेतकरी होते ते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या आणि या जुन्या वाक्प्रचाराला एकदम नवी नोकरी लागली. काळ्याचं पांढरं कसं करायचं, हे तेव्हा चहाच्या टपरीपासून सोन्याच्या दुकानापर्यंत सगळे विचारत होते. तरी पांढरा पैसा हा शब्द बोलण्यात रुळला नाही. घराचा व्यवहार करताना काळा शब्दही कुणी काढत नाही. ‘किती व्हाइटमध्ये?’ एवढंच. पांढऱ्याची ही शेवटची जमीनही व्हाइटनं अशी नेली.

शर्ट व्हाइट, बूट व्हाइट, गाडी व्हाइट. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी पांढरा मागितला तर पोरगा तक्ता पुढं करतो, त्यात आयव्हरी आहे, पर्ल आहे, मोतिया आहे, पांढरा नाही. तो समजावून सांगतो, ‘काका, तो प्रायमर असतो.’ रंग द्यायच्या आधीचा थर. कुणाला दिसत नाही, पण तो नसला तर वरचा रंग पापुद्रे धरून सुटतो. पांढऱ्यावर इतकं नेमकं बोललेलं मी दुसरं ऐकलेलं नाही आणि पोराला तर गिऱ्हाइकाला घालवायचं होतं.

कोल्हापूरकरांनी मात्र पांढऱ्याला ताटात सन्मानानं बसवलं. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, वरून खडा मसाला. हळद नाही, तिखट नाही. रस्सा हा शब्दही तिथं गाळतात. तांबडा घ्या, पांढरा घ्या. वाटी रिकामी झाली की वाढपी वाकून विचारतो, ‘पांढरा?’ उद्या एखाद्या पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात त्याचा श्वेत रस्सा होईल अशी मला धास्ती आहे. तसा झाला, तर मी दोन्ही वाट्या तांबड्याच्याच मागवीन.